बाराव्या मजल्यावरची सिंहजोडी – प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात नवऱ्यामुळे झाली. मागच्या महिन्यात तो इथल्या, सिंगापुरातल्या, जुन्या सामानाच्या बाजारातून आठ डॉलरला एक हिरवा रेझिनचा, चिनी लोक दारात बसवतात तसला सिंह घेऊन आला, चपलांच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाला किल्ल्या अडकवायला बरा आहे. एका पंजाखाली कसलातरी गोळा, अंगावर रंगाचे इतके थर की नाक कुठे संपतं आणि मिशा कुठे सुरू होतात ते कळत नाही. मला तसा वाईट नाही वाटला. पण परवा समोरच्या आंटी दिवाळीच्या चकल्यांचा डबा परत द्यायला आल्या, दारातच थबकल्या आणि विचारलं, "एकच? दुसरा कुठाय?" दुसरा नाहीये म्हटल्यावर त्यांनी असा चेहरा केला की जणू आम्ही लग्नपत्रिकेवर एकाचंच नाव छापलंय. "जोडी असते ला, एकटा ठेवायचा नसतो."

तर ठरलं असं, की दुसरा शोधत बसण्यापेक्षा अख्खी जोडीच मातीत करायची. दर शनिवारी स्टुडिओत जातेच, तीन वर्षं झाली, अजून वाट्या, कप आणि एक वाकडी उदबत्तीची नळी याच्या पुढे मजल गेलेली नाही. चिनी नवीन वर्ष १७ फेब्रुवारीला आहे, त्याच्या आत दारात जोडी पाहिजे.

माती स्टोनवेअर, भरड कणांची, कारण मूर्ती कुठे जाड कुठे पातळ होणार आणि भरड माती सुकताना त्यातल्या त्यात कमी दगा देते. या मातीचा आक्रस, म्हणजे सुकून-भाजून ती किती आकसते ते, स्टुडिओच्या फळ्यावर १२ टक्के लिहिलाय. तयार उंची २३ सेंमी हवी म्हणजे ओली २६ करायची. १० किलोची बॅग घेतली.

२ नोव्हेंबर, रविवार

आधी नावाचा घोळ निस्तरला. पुण्यात फेंगशुईच्या दुकानांत लाफिंग बुद्धा आणि तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक यांच्या शेजारी हे 'फू डॉग' म्हणून मिळायचे, त्यामुळे माझ्या डोक्यात कायम कुत्राच. पण चिनी माणूस याला कुत्रा म्हणतच नाही, 'शी' म्हणजे सिंह, दगडाचा असला की 'शिशी'. कुत्रा केला तो पाश्चात्त्यांनी. 'फो' म्हणजे बुद्ध, आणि पेकिंगीज, शित्झू असली झुपकेदार कुत्री राजवाड्यात असायची, त्यावरून ते झालं असावं. त्यात शित्झू या शब्दाचा अर्थ सिंहच आहे, म्हणजे कुत्र्याला सिंहाचं नाव आणि सिंहाला कुत्र्याचं.

पंजाखाली चेंडू असला तर नर, पिल्लू असलं तर मादी. चेंडू साधा नाही, भरतकाम केलेला, 'शिउचिउ' म्हणतात त्याला. रेझिनवाल्याने डावा पंजा गोळ्यावर ठेवलाय म्हणजे नर डाव्या पंजाने चेंडू धरतो. स्केच तसंच काढलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस वाया गेला.

मी शहाणपणा केला, आपल्या गीरच्या सिंहांचे वीसेक फोटो प्रिंट काढून नेले, म्हटलं ओरिजिनलवरूनच करू या. पाठीचा उतार, खांद्याचं हाड, पोटाखाली गीरच्या सिंहाला असते ती कातडीची लोंबती घडी, सगळं मन लावून केलं, साडेतीन तास. शेवटी जे समोर बसलं होतं तो एक बरा, थोडा आजारी सिंह होता, पण दारात बसवायचा सिंह अजिबात नव्हता. स्टुडिओतले सर आले, दोन्ही हात मागे बांधून फिरत्या पाटाभोवती एक चक्कर मारली, म्हणाले, "प्राणिसंग्रहालयातला आहे." आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

घरी येऊन मामाला फोटो पाठवला. मामा पेणचा, पन्नासेक वर्षं गणपती करतोय. त्याचा व्हॉइस मेसेज आला: "अगं बाळा, मी काय हत्तीचे फोटो बघून गणपती करतो का?"

सगळा चिखल परत बॅगेत.

९ नोव्हेंबर, रविवार

मामाचं ऐकून फोटो फेकले आणि तेलोक आयर स्ट्रीटच्या थियान हॉक केंगला गेले. हे इथलं फार जुनं होक्कियन, म्हणजे दक्षिण चीनमधल्या फुजियानच्या लोकांचं, देऊळ, १८३९ ते १८४२ मध्ये बांधलेलं, समुद्राच्या देवीचं, माझूचं. आता समोर सगळ्या काचेच्या इमारती आहेत पण तेव्हा समुद्र अगदी दारात होता, फुजियानहून जहाजाने आलेला माणूस उतरला की आधी इथे येऊन हात जोडायचा. दारात दगडी सिंह आहेत. मी समोर जमिनीवर मांडी घालून बसले, तासभर तरी.

आणि मग दिसायला लागलं की यात सिंहाचं असं फारच थोडं आहे. डोळे बेडकासारखे बाहेर, नाक बसकं आणि रुंद, भुवया ज्वाळांसारख्या, छातीवर पट्टा, पट्ट्याला घुंगरू. आयाळ म्हणजे केस नाहीतच, जिलब्या आहेत, ओळीने मांडलेल्या. बसलाय कुत्र्यासारखा पण छाती पैलवानाची. यातला एकही भाग फोटोवरून सापडला नसता, कारण ज्यांनी हा प्रकार घडवत आणला त्यांच्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात सिंह पाहिलेला नव्हता.

चीनमध्ये सिंह राहतच नव्हता. बाहेरून भेट म्हणून यायचा, इ.स. ८७ मध्ये पार्थियाहून (आताच्या इराणकडून) चीनच्या हान दरबारात सिंह आल्याची नोंद आहे, तो बघितला असेल दरबारातल्या मोजक्या लोकांनी. शांतुंगमध्ये वू घराण्याच्या स्मारकापुढे १४७ सालचे दगडी सिंह आहेत, ते अजून बऱ्यापैकी जनावर वाटतात. नंतर नानजिंगजवळ सहाव्या शतकातले लिआंग राजघराण्याच्या थडग्यांपुढचे आहेत, त्यांना पंख आहेत आणि जीभ छातीपर्यंत बाहेर. पण सिंह लोकांच्या घरात शिरला तो बौद्ध धर्माबरोबर, आणि तो आपल्याकडून गेला. बुद्ध बसतो ते सिंहासन, बुद्ध बोलतो तो सिंहनाद, मंजुश्रीचं वाहन सिंह. आपण कार्ल्याला चैत्याच्या दारात तो चार सिंहांचा खांब बघतो ना, तसा बुद्धाच्या दारात सिंह असतो ही कल्पना तिकडे पोचली, सिंह काही पोचला नाही. मग शिल्पकाराने ऐकीव माहितीवर, आधीच्या शिल्पावर आणि अंगणातल्या कुत्र्यावर काम भागवलं. पाचशे-हजार वर्षं एकाने दुसऱ्याची नक्कल केल्यावर जे तयार झालं तेच खरं, आता कोणी खराखुरा सिंह करून ठेवला तर तो चुकीचा दिसतो, कालचा माझा दिसला तसा.

आणि मी हे सगळं लिहितेय सिंगापुरात बसून! सिंहपूर. इथेही सिंह कधी नव्हता, राजपुत्राला दिसला म्हणतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा पहिल्यापासून, नर आधी. फोटो नाहीत, फक्त देवळात काढलेलं स्केच आणि रेझिनवाला टेबलावर समोर.

पद्धत: १ सेंमी जाडीची पोळी लाटून चौथरा केला, त्यावर वळ्या चढवत पोकळ धड, आत वर्तमानपत्राचे बोळे. पुढचे पाय वेगळे वळून घट्ट झाल्यावर लावले, दोन्ही बाजूंना काट्याने ओरखडे काढून मधे मातीची खीर, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती. चौथऱ्याला खालून बोटाएवढं भोक, नाहीतर भट्टीत आतल्या हवेला आणि वाफेला वाट मिळत नाही. पुढचे पाय खांबासारखे सरळ ठेवायचे, मी आधी गुडघ्यात किंचित वाकवले होते तर लगेच पुन्हा प्राणिसंग्रहालय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डोक्याच्या जिलब्या. मातीची बारीक वळी करायची, पोळपाटावर गोल गुंडाळायची, मागे ओरखडा, खीर, चिकटव. एकेक वेटोळं करायला दोन मिनिटं, खाली पडलं की पाच. चकल्या पाडायची सवय असलेल्या बाईला हे काम जमायला हवं होतं पण पहिल्या ओळीतल्या सगळ्या वेगवेगळ्या मापाच्या झाल्या, सरांनी पेन्सिलच्या टोपणाभोवती गुंडाळायला शिकवलं तेव्हा कुठे एकसारख्या आल्या.

किती ओळी करायच्या यावर मजा आहे. असं सांगतात की छिंग या शेवटच्या राजघराण्याच्या काळात दारातल्या सिंहाच्या डोक्यावरच्या या वेटोळ्यांवरून घरमालकाचा हुद्दा कळायचा, पहिल्या दर्जाचा अधिकारी असेल तर तेरा, मग दर्जा उतरेल तशी एकेक कमी, आणि सातव्याच्या खालच्यांनी सिंह ठेवायचाच नाही. हे फार काटेकोर पाळलं जात असेल असं मला वाटत नाही, चीनभर विखुरलेल्या दारांसमोर कोण मोजत फिरणार. पण आंटींना हा हिशोब माहीत होता! मी म्हटलं आम्ही भाड्याने राहतो, आम्हाला किती? त्या हसून हसून खुर्चीत बसल्या. मी सात ओळी केल्या, त्याहून जास्त जागाच नव्हती.

२०१८ ला आम्ही बीजिंगला गेलो होतो तेव्हाचे फोटो रात्री काढून बघितले. राजवाड्यात थायहमन या दरवाज्यापुढे ब्राँझचे प्रचंड दोन आहेत, त्यांच्या डोक्याशी माणूस पोचत नाही. आणि आत छियानछिंगमन या दरवाज्यापुढचे सोन्याचा मुलामा दिलेले, त्यांचे कान खाली पडलेत. गाइड म्हणाली होती की तिथून आत राजाचं घर सुरू होतं, म्हणून आतल्या बायकांच्या भानगडी ऐकायच्या नाहीत असा तो इशारा. गोष्ट नंतर कोणीतरी रचलेली असणार, पण कान मात्र खरंच पडलेले आहेत, फोटोत स्पष्ट दिसतंय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसनंतर सहज ओलावा बघायला गेले होते. सर शेजारून जाता जाता म्हणाले, "हा नर ना? मग चेंडू डाव्या पंजाखाली का?"

नराचा उजवा पंजा चेंडूवर असतो, मादीचा डावा पिल्लावर. म्हणजे दोघं शेजारी ठेवले की बाहेरचे पंजे जमिनीवर आणि आतले वर, आरशात बघितल्यासारखे. बीजिंगचे फोटो मोबाइलमध्येच होते, चार दिवसांपूर्वी मी त्यांचे कान बघत बसले होते, पंजा नाही बघितला. थायहमनचा नर, उजवा पंजा. सगळीकडे उजवा.

पण मग रेझिनवाला?

घरी आले, त्याला बेसिनमध्ये घेतलं, जुना टूथब्रश आणि नेलपेंट काढायचं ॲसिटोन. नवरा म्हणाला किल्ल्या कुठे ठेवू. पाऊण तास घासल्यावर हिरव्या रंगाच्या खालून गोळ्याला आधी एक कान फुटला, मग दुसरा, मग उताणं पडलेलं पोट आणि चार इवलेसे पाय. ते पिल्लू आहे. महिनाभर आम्ही 'हा' म्हणत होतो, ती बाई आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

माती अजून चामड्यासारखी होती म्हणून वाचलं. वायरने डावा पाय खांद्यातून कापला, उजवा कापला, डाव्याचा चेंडू सोडवला, दोन्हींची अदलाबदल, खांदे पुन्हा बांधले. डावा खांदा जरा जाड झालाय, मी सोडून कोणाला कळणार नाही.

मादी सुरू केली. ती पटकन झाली, एका दिवसात धड आणि डोकं, हात बसला म्हणतात तो हा. पिल्लाला मात्र वेळ लागला कारण त्याचं नक्की काय चाललंय तेच ठरेना. बऱ्याच जोड्यांमध्ये ते उताणं पडून आईच्या पंजाचं खालचं बोट चोखत असतं, कारण जुनी समजूत अशी की सिंहिणीचं दूध पंजातून येतं. (सिंहीण न पाहिल्याचा आणखी एक पुरावा, पण मला ही समजूत फार आवडली.) ल्युगौ पुलावर तर विचारूच नका, बीजिंगबाहेरचा ११८९ ते ११९२ मध्ये बांधलेला तो लांबलचक पूल, मार्को पोलोने वर्णन केलेला, त्याच्या कठड्याच्या प्रत्येक खांबावर सिंह आणि सिंहांच्या कानामागे, पोटाखाली, पाठीवर लपलेली पिल्लं, काही बोटभर. मोजणाऱ्याला दरवेळी वेगळा आकडा मिळतो, चिनीत म्हणच आहे की ल्युगौ पुलावरच्या सिंहांसारखं, मोजून न संपणारं.

मोठा आणि छोटा सिंह एकत्र दाखवायचं अजून एक कारण शब्दाच्या खेळात आहे. सिंह 'शी' आणि गुरू 'शी', उच्चार एकच. थायशी आणि शाओशी ही दरबारातली फार मोठी पदं, म्हणून मोठा सिंह-छोटा सिंह म्हणजे बापही मोठा अधिकारी आणि पोरगाही. आपल्याकडे 'बाप तसा बेटा' म्हणतो तसं, फक्त पगारासकट. आंटींच्या मते म्हणूनच लोक मुलांच्या परीक्षेच्या वर्षी अशी चित्रं लावायचे.

६ डिसेंबर, शनिवार

तोंडातला चेंडू!

हे मी देवळातून आल्यापासून मनात धरून होते. उत्तरेकडचे सिंह भारदस्त, चौकोनी, तोंड फार उघडत नाहीत. दक्षिणेकडचे, फुजियान-ग्वांगदोंगचे, खेळकर, मान वळवलेली, आणि उघड्या तोंडात दगडाचा मोकळा गोळा. बोटाने ढकलला की आत गडगडतो पण दातांतून बाहेर येत नाही. तो बाहेरून घातलेला नसतो, त्याच दगडात कोरलेला असतो. फुजियानमधलं हुइआन दगडकामासाठी प्रसिद्ध आहे, तिथले कारागीर दातांच्या फटींमधून लांब बारीक छिन्नी घालून आत गोळा मोकळा करत जातात. एक चुकीचा घाव आणि दात गेला, म्हणजे सिंह गेला.

मातीत मी लबाडी केली. सुपारीएवढा गोळा आधी करून पूर्ण सुकवला, त्याला टिश्यू पेपर गुंडाळला, खालच्या जबड्यात ठेवला आणि मग वरचा जबडा आणि चार सुळे लावून तोंड बंद केलं. टिश्यू भट्टीत जळून जाईल. सुका गोळा कमी आक्रसणार आणि ओलं तोंड जास्त, म्हणजे जागा घट्ट होणार, हे धरून तोंड थोडं ऐसपैस ठेवलंय.

दोघांची तोंडं कशी ठेवायची यावर एक संध्याकाळ गेली. जपानमध्ये हीच जोडी 'कोमाइनू' म्हणून देवळापुढे बसते, तिथे नियम पक्का, एकाचं तोंड उघडं आणि एकाचं मिटलेलं, त्याला 'आ-उन' म्हणतात. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच, कारण ते आपलं 'अ' आणि 'हूं' आहे, संस्कृत, बौद्ध भिक्षूंबरोबर लिपीसकट गेलेलं, उच्चाराची सुरुवात आणि शेवट. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे अ पासून ज्ञ पर्यंत." तेच. चिनी जोड्यांत इतकं पक्कं नसतं पण मी नराचं उघडं ठेवलं, मादीचं मिटलं. अर्धं कारण हे की दुसरा चेंडू करायची ताकद नव्हती.

१३ डिसेंबर, शनिवार

मादीच्या मानेला चीर, मागच्या बाजूने, चार सेंमी. एसीच्या झोताखाली कोणीतरी शेल्फ सरकवलं होतं.

पहिला विचार, चिरेत ओली माती भरून टाकू. सरांनी हात धरला. सुक्यात ओलं भरलं की ओलं आक्रसतं आणि चीर आणखी रुंद होते. त्यांनी मला हबेइमधल्या त्सांगचौच्या लोखंडी सिंहाची गोष्ट सांगितली. तो ९५३ सालचा ओतीव सिंह आहे, पाच मीटरपेक्षा उंच, पाठीवर कमळाची बैठक. हजार वर्षं उघड्यावर होता, एकोणिसाव्या शतकात वादळात आडवाही पडला, तरी टिकला. १९८४ मध्ये त्याला पाण्यापासून वाचवायला उचलून उंच चौथऱ्यावर ठेवलं आणि आधार म्हणून पायांत गंधकाचं मिश्रण भरलं. ते फुगलं आणि पाय आतून तडकायला लागले. नंतर ते काढावं लागलं, आता तो पाइपांच्या टेकूवर उभा आहे.

मग काय, पूर्ण मान व्हिनेगर घातलेल्या खिरीने हळूहळू ओली केली, ओल्या फडक्यात डोकं गुंडाळलं, दोन दिवसांनी चीर उघडून दाबून घेतली. वर प्लास्टिक. मामाचं म्हणणं, "घाई कोणाला आहे?" मला आहे मामा, १७ फेब्रुवारी आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार, हाँगकाँग

ऑफिसच्या कामाने दोन दिवस. संध्याकाळी मुद्दाम क्वीन्स रोडवर एचएसबीसीच्या इमारतीपाशी गेले. हे दोन ब्राँझचे सिंह चिनी पद्धतीचे नाहीतच, ना चेंडू ना पिल्लू, इंग्रजी पद्धतीने पंजे पसरून आडवे बसलेले. १९३५ साली शांघायमध्ये वॅगस्टाफ नावाच्या ब्रिटिश शिल्पकाराने केले. बँकेच्याच दोन व्यवस्थापकांवरून नावं पडली, डरकाळी फोडणारा स्टीफन आणि तोंड मिटून बसलेला स्टिट. इथेही आ-उन! नोटांवरसुद्धा आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी त्यांना वितळवायला घेऊन गेले, वितळवायचं राहून गेलं, युद्धानंतर जपानमध्ये सापडले आणि १९४६ मध्ये परत आले. स्टीफनच्या अंगावर १९४१ च्या लढाईतल्या छर्ऱ्यांची भोकं अजून आहेत, मी बोट घालून बघितलं, करंगळी जाते.

चिनी घडणीचा एकही नियम पाळलेला नाही तरी येणारे-जाणारे पंजा चोळून पुढे जातात, पंजे पिवळेधमक झालेत. दोन आहेत आणि दारात आहेत, बहुतेक एवढं पुरतं. माझ्या जाड खांद्याचं ओझं थोडं कमी झालं.

३ जानेवारी, शनिवार

पहिली भट्टी झाली, १००० अंश. दोघं सुखरूप! मानेची चीर केसाएवढी उरली. चेंडू तोंडात खुळखुळतोय, मी तो स्टुडिओभर हलवत फिरले, एकीने विचारलं पण की बाळाचा खुळखुळा आहे का.

१० जानेवारी, शनिवार

रंग. पांढरा करावा असं फार वाटत होतं. फुजियानमधल्या देहुआचे पांढरे चिनीमातीचे छोटे सिंह सतराव्या-अठराव्या शतकात ढिगाने युरोपला गेले, चौथऱ्यावर सिंह आणि शेजारी उदबत्ती खोचायची नळी. तिकडच्या लोकांना उदबत्तीशी देणंघेणं नव्हतं, त्यांनी शेकोटीवरच्या फळीवर मांडून ठेवले. पुढच्या काळात तिकडे असल्या सिंहांना भोक पाडून टेबललॅम्पही केले. आमची रेझिनबाईसुद्धा एका लॅम्पचा पाय असणार, खाली वायरीचं भोक आहे.

पण पांढऱ्याला देहुआची माती लागते, माझ्या भरड मातीवर पांढरं ग्लेझ (भट्टीत वितळून काचेसारखा होतो तो लेप) म्हणजे चुन्याची भिंत दिसली असती. म्हणून पिवळा, हिरवा, जांभळट तपकिरी असे ठिपके एकमेकांत मिसळलेलं काम घेतलं, कांगशी बादशहाच्या काळात (१६६२ ते १७२२) हे फार चालायचं. चिनीत त्याला 'हूपी' म्हणतात, म्हणजे वाघाचं कातडं. वाघाच्या कातड्यातला सिंह. तेव्हा ग्लेझमध्ये शिसं असायचं, माझी बिनशिशाची बाटलीतली, १२२० अंशाची.

तोंडात ग्लेझ जाऊ नये म्हणून चेंडूला आणि जबड्याला मेण लावलं, कानकोरण्याने. चौथऱ्याचा तळ पुसला. डोळे ठेवून दिले. मामा म्हणतो डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि चिन्यांचंही तेच आहे: मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी असतो, 'खायग्वांग', म्हणजे उजेड उघडणं, नवीन वर्षाच्या सिंहनाचातल्या सिंहाच्या डोळ्यांनाही आधी ब्रशने ठिपका देतात, त्याशिवाय नाच नाही.

१७ जानेवारी, शनिवार

भट्टी उघडली.

नर: मस्त. हिरवा आयाळीच्या जिलब्यांत साचून गडद झालाय, उंचवट्यावरून ओघळून पिवळा दिसतोय. उंची २२.९.

मादी: पाठीवरचा जांभळा धावत खाली आला आणि पिल्लाच्या तोंडावर थांबला. पिल्लू जांभळं खाऊन आल्यासारखं दिसतंय. मानेवरची चीर ग्लेझने भरून टाकली.

चेंडू: चिकटला. मेण लावूनही वरून एक थेंब ओघळला असणार, डाव्या सुळ्याला पक्का. पेन्सिलच्या मागच्या टोकाने टकटक केलं, सर म्हणाले सोड. आणखी एकदा टक केलं आणि टण्ण असा आवाज आला, मला वाटलं दात गेला, पण सुटला होता. सुळ्यावर तांदळाएवढा खरबरीत डाग राहिला. गडगडतोय!

२५ जानेवारी, रविवार

आज डोळे. काळा ॲक्रिलिक, शून्य नंबरचा ब्रश, समोर व्हिडिओ कॉलवर मामा. त्याने फोन कारखान्यातच धरलेला, मागे कच्चे गणपती रांगेत. "आधी श्वास सोड, मग टेकव. वरची रेघ एका दमात. बुबुळ मधोमध नको, थोडं खाली, येणाऱ्याकडे बघतोय ना तो? येणारा खाली उभा नसतो का?" मी म्हटलं मामा सिंह कपाटावर नाही, जमिनीवर असणार. दोन सेकंद गप्प. "मग वर."

नराचा उजवा डोळा तीनदा पुसला.

८ फेब्रुवारी, रविवार

मांडणी. बाहेर कॉरिडॉरमध्ये जायला-यायला १.२ मीटर मोकळी ठेवायची असते, आग लागली तर, म्हणून टेप घेऊन मोजलं, दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटून बसतात. घरातून बाहेर तोंड करून उभं राहायचं, डाव्या हाताला नर, उजव्या हाताला मादी, आणि दोघांची तोंडं बाहेर. मी बाहेर उभी राहून डावा-उजवा धरला, अर्थात उलटं झालं. कोणी काही म्हणालं नाही, रात्री दहाला आंटी कचरा टाकायला निघाल्या, बघितलं, वाकून दोघांना उचललं, अदलाबदल केली आणि कचरा टाकायला गेल्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आंटी सकाळी लाल रिबन घेऊन आल्या, दोघांच्या गळ्यात बांधली, गाठ त्यांच्या पद्धतीची. पिल्लाच्या जांभळ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या हे तुमच्यासारखंच सारखं खातं. मी शंकरपाळे दिले.

मग आत डोकावल्या. रेझिनबाई अजून चपलांच्या कपाटावर, अर्धी हिरवी अर्धी घासलेली, गळ्यात किल्ल्या.

"आणि हिचा नवरा?"

माती बघितली, बॅगेत तीन किलो आहे. रेझिनबाईची उंची १८ सेंमी. १८ भागिले ०.८८, साधारण साडेवीस. उजवा पंजा.